पोरगं हाताबाहेर जाण्याआधी

नववीच्या पालकसभेला ती सगळ्यात शेवटी आली. विड्या कारखान्यात देऊन तशीच आलेली. हातात रिकामी पिशवी, बोटांच्या पेरांवर तंबाखूचा तपकिरी डाग. खुर्चीवर टेकता टेकताच म्हणाली, "मॅडम, पोरगं पार हाताबाहेर गेलंय. काल भरलं ताट भिरकावलं त्यानं. बापाला उलट बोलला."

सोलापूरच्या पूर्व भागात बावीस वर्षं शिकवते आहे. हे वाक्य मी मराठीत ऐकलंय, तेलुगूत ऐकलंय, कन्नडमध्ये ऐकलंय. त्या दिवशी मी तिला जे उत्तर दिलं ते मात्र अजून टोचतं. मी म्हणाले, "वयच तसं असतं हो. दोन वर्षांत निवळेल."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो जिन्यात एकटा बसला होता. मीही शेजारच्या पायरीवर बसले. बऱ्याच वेळानं तो बोटं मोजत बोलला. शिकवणीत सर त्याच्या तेलुगू वळणाच्या मराठीची नक्कल करून सगळ्यांना हसवत. शिकवणी बदलायची आहे, हे त्यानं एकदा आईला सांगितलं होतं, एकदा वडिलांना, एकदा दोघं जेवत असताना. दर वेळी उत्तर एकच आलं : पैसे भरलेत, गप जा. "तीनदा सांगितलं, मॅडम. चौथ्यांदा ताट फेकलं."

घरच्यांना दिसलं ते ताट. आधीचं तीनदा सांगणं कुणाच्या हिशेबात नव्हतं. किशोरवयीन मुलांच्या बंडाबद्दल आपल्याकडे जे समज पक्के बसले आहेत, ते बहुतेक असेच चौथ्या वेळेपासून मोजायला सुरुवात करतात. म्हणून त्या समजांबद्दल लिहायला बसले आहे.

"वयच तसं असतं"

सुरुवात माझ्याच वाक्यापासून करते. या समजाला मोठं घराणं आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ साली किशोरवयावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला आणि हे वय म्हणजे वादळाचंच, अशी कल्पना रुजवली. पुढे १९२८ मध्ये मार्गारेट मीड यांनी सामोआ बेटांवरच्या मुलींबद्दल लिहून, हे वादळ सगळीकडे सारखं नसतं असं मांडलं. त्यांच्या निष्कर्षांवर नंतर बराच वाद झाला. पण १९६० च्या दशकात डॅनिएल ऑफर यांनी शिकागो परिसरातल्या साध्या, चारचौघांसारख्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा त्यातल्या बहुतेकांचं आईवडिलांशी बरं चाललेलं आढळलं. पुढच्या अभ्यासांतूनही साधारण हेच चित्र पुढे आलं. बारा-तेराव्या वर्षी कुरबुरी वाढतात, त्या केस, कपडे, पसारा, घरी यायची वेळ यांवरून. नातं मोडण्यापर्यंत गोष्ट थोड्याच घरांत जाते, आणि त्यातल्या बऱ्याच घरांत तिची सुरुवात मूल लहान असतानाच झालेली असते.

वयाचा भाग नसतोच, असं मात्र नाही. वयात येताना भावना उसळवणारी मेंदूतली यंत्रणा जोर धरते आणि थांबून विचार करणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. आपल्या भाषेनं गद्धेपंचविशी हा शब्द मेंदूची छायाचित्रं निघण्याच्या कितीतरी आधी करून ठेवला आहे. फक्त तो शब्द चिडवायला वापरायचा की समजून घ्यायला, एवढाच प्रश्न. मेंदू घडत असल्यामुळे पोरगं पटकन भडकतं, हे खरं. ते कशावरून भडकलं, हे मेंदूचं चित्र सांगत नाही. ते त्यालाच विचारावं लागतं.

झोपेचंही असंच. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं, त्यामुळे दहाला डोळा लागत नाही आणि सकाळी सहाला उघडत नाही. चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. ती मिळाली नाही की मूल चिडचिडं होतं. शेजारी रात्रभर माग खटखटत असेल, सकाळची शाळा आणि त्याआधी शिकवणी असेल, तर ती मिळायची कुठून? आळशी आणि उद्धट ही दोन्ही विशेषणं लावण्याआधी ते किती तास झोपलं, हे मोजून बघावं.

"आम्ही काय कमी केलं त्याला?"

पालकांशी बोलताना दुर्लक्ष हा शब्द मी जपून वापरते, कारण तो ऐकला की माणूस दुखावतो. दुर्लक्ष म्हणजे पोराला उपाशी ठेवणं, दारू पिऊन मारणं, शाळेत न घालणं, अशी आपली समजूत आहे. मग पोटाला चिमटा काढून फी भरणाऱ्या आईला तो शब्द कसा लावायचा?

मानसशास्त्रात त्याचा अर्थ जास्त रुंद आहे. डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकत्वाच्या तीन तऱ्हा सांगितल्या : नुसता हुकूम चालवणारी, नुसती मोकळीक देणारी, आणि शिस्त व जिव्हाळा दोन्ही सांभाळणारी. एलिनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी १९८३ मध्ये मांडणी पूर्ण करताना चौथी तऱ्हा ठळक केली. तिच्यात अपेक्षाही नसते आणि ओलावाही नसतो, आईबाप मनानं तिथे नसतातच. मुलांच्या वर्तनाचे आणि अभ्यासाचे सगळ्यात वाईट परिणाम या चौथ्या तऱ्हेसोबत दिसत आले आहेत. नुसता हुकूम चालवणाऱ्या घरापेक्षाही वाईट.

आता हे सोलापुरात आणून बघू. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांमागे असते. तेंदूची पानं भिजवायची, कापायची, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. ती दिवसभर घरातच असते, पण नजर सुपात असते. शाळेतून आलेलं पोरगं शेजारी उभं राहून काही सांगतं, ती "हं" म्हणते, हात चालूच. तो "हं" किती निर्जीव आहे, हे पोराला बरोबर कळतं. पण तिनं मान वर केली, तर त्या मिनिटाच्या विड्या कमी होतात. शहराजवळच्या कुंभारी गावात विडी कामगार बायकांनी लढून मिळवलेली गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत आहे. छप्पर मिळालं. पण मजुरी हजार विड्यांमागेच मोजली जात राहिल्यानं सुपातून मान वर काढायची सवड काही त्या छपराबरोबर आली नाही.

बापाची गोष्ट वेगळी. एके काळी या शहराचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर चालायचा. जुनी गिरणी १८७७ ची. लक्ष्मी-विष्णू गिरणी नव्वदच्या दशकात बंद पडली. गिरण्या चालू होत्या तेव्हा भोंगा झाला की बाप किती वाजता दारात येणार, हे पोरांना ठाऊक असायचं. आता यंत्रमागाच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा बाप सकाळी येऊन झोपतो, तेव्हा पोरं शाळेत असतात. जे पुण्याला कामाला गेले, ते शनिवारी रात्री हुतात्मा एक्सप्रेसनं येतात आणि आठवडाभराच्या तक्रारी रविवारी एकदम ऐकतात. अशा बापाची सगळी भेट म्हणजे जाबजबाब होते. त्याचा दोष किती आणि त्याच्या पोटापाण्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही.

पण म्हणून गरीब घरातच दुर्लक्ष होतं, हा समज मला मान्य नाही. बंगल्यात राहणाऱ्या मुलाला वेगळी खोली आहे, गाडी आहे, तीन विषयांच्या तीन शिकवण्या आहेत, आणि त्याच्याशी दिवसभरात होणारं बोलणं "जेवलास का" आणि "किती मिळाले" या दोन प्रश्नांत संपतं. अशी मुलं माझ्या वर्गात होती. नोकरी करणाऱ्या आईवर तर हा ठपका सरसकट येतो. पण आई घरी असणं आणि आईचं लक्ष असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहाला दमून येऊन वीस मिनिटं पुरतं ऐकणारी आई मी पाहिली आहे, दिवसभर घरात असून एकदाही न ऐकणारीही पाहिली आहे.

कायद्यालाही दुर्लक्ष कळतं. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचं कलम ७५ मुलाला मारहाण करण्याच्या रांगेतच जाणूनबुजून केलेलं दुर्लक्ष धरतं, आणि त्यातून होणाऱ्या मानसिक त्रासाचाही उल्लेख करतं. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, इतकी शिक्षा आहे. मी ज्या घरांबद्दल बोलते आहे तिथे कायदा नेऊन उपयोग नाही. पण मन दुखणं ही काही दुखापत नव्हे, असं म्हणणाऱ्यांनी ते कलम वाचावं.

आणि समजून न घेण्याचा एक प्रकार तर प्रेमातूनच होतो. पोराला सकाळी सांगायचं, "घोडा झालास, जरा जबाबदारीनं वाग." संध्याकाळी त्यानं कोणत्या शाखेला जायचं ते स्वतः ठरवतो म्हटलं की, "तुला काय कळतंय, अजून लहान आहेस." आई जेऊ घालीना आणि बाप भीक मागू देईना. लहानही राहायचं नाही, मोठंही व्हायचं नाही, अशा जागी उभं केलेलं पोर आवाज चढवणारच.

"धाक हवाच"

चाणक्याच्या नावावर एक सुभाषित आहे. पहिली पाच वर्षं लाड करावेत, पुढची दहा वर्षं ताडन करावं, आणि सोळावं लागलं की पोराशी मित्रासारखं वागावं, असा त्याचा आशय. पालकांना मधला भाग तोंडपाठ असतो, शेवटचा आठवत नाही. खरं तर आता मधलाही सोडून द्यायला हवा. एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये जवळपास पाच दशकांचे अभ्यास एकत्र तपासले. त्यांत दीड लाखाहून जास्त मुलं होती. मार जितका जास्त, तितकी अवज्ञा, आक्रमकपणा आणि मनाच्या तक्रारीही जास्त, असंच नातं समोर आलं. माराच्या धाकानं गप्प बसलेलं पोर सुधारलेलं नसतं, ते खोटं बोलायला शिकलेलं असतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं २००९ मध्येच शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले. तरी आजही पालक येऊन मला सांगतात, "मॅडम, तुम्ही दोन ठेवून द्या, आम्ही काही म्हणणार नाही." विश्वासानं सांगतात, म्हणून जास्त वाईट वाटतं.

"नजर ठेवली की बिघडत नाहीत"

हा समज शिकलेल्या घरांत जास्त. मोबाईलचा पासवर्ड आईकडे, वह्यांची झडती, मित्राच्या घरी फोन, वेळेवर आला नाही की दारातच "कुठं होतास बे इतका वेळ?"

२००० साली स्वीडनमधल्या हाकान स्टॅटिन आणि मार्गारेट कर या संशोधकांनी एक साधी गोष्ट तपासली. मूल कुठे जातं, कुणाबरोबर असतं, हे ज्या पालकांना माहीत असतं त्यांची मुलं कमी बिघडतात, हे आधीच ठाऊक होतं. त्यामुळे पालकांना पाळत ठेवायचा सल्ला दिला जायचा. या दोघांनी विचारलं की पालकांना हे कळतं तरी कसं? उत्तर आलं : मुख्यतः मुलं आपणहून सांगतात म्हणून. प्रश्न विचारून किंवा बंधनं घालून मिळणारी माहिती त्या मानानं थोडी होती. शिवाय आपल्यावर पहारा आहे अशी भावना असलेल्या मुलांमध्ये त्रास कमी दिसत नव्हता.

म्हणजे मूल सांगतं का, हा खरा प्रश्न. आणि मूल सांगतं ते मागच्या वेळी सांगितल्यावर काय झालं, त्यावरून. पाचवीत तो म्हणाला असेल, "मला बाकावरून ढकललं," आणि उत्तर मिळालं असेल, "तूच काहीतरी केलं असशील." नववीत तो काहीच सांगणार नाही. मग आई पासवर्ड मागेल.

नियम नकोत, असा याचा अर्थ मी काढत नाही. रात्री घरी यायची वेळ ठरलेली हवी, अठरा वर्षांच्या आत गाडी चालवायला मिळणार नाही, हे ठाम हवं. नियम का आहे हे सांगितलं आणि तो सगळ्या भावंडांना सारखा लावला, तर मुलं कुरकुरतात पण पाळतात.

"पिक्चर बघून बिघडतात"

'सैराट' २०१६ मध्ये आला. करमाळा तालुक्यात चित्रित झालेला, त्याच तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा. आपल्याच जिल्ह्यातली माती, आपलीच बोली. पिक्चर लागला आणि घराघरांत मुलींच्या हातातले मोबाईल गेले. पोरं पळून जातात ती सिनेमामुळे, असं किती जणांनी मला सांगितलं! पण त्या सिनेमातली आर्ची नीट आठवा. घरात पैसा आहे, सत्ता आहे, तिला बुलेट चालवायला मिळते. फक्त तिच्या मनातलं ज्याला सांगावं असं घरात कुणी नाही, आणि सांगितलं तर काय होईल हे तिला ठाऊक आहे.

मुलींच्या बाबतीत एक उलटा गैरसमजही आहे : शांत मूल म्हणजे सुखी मूल. मुलगा ताट फेकतो, ते दिसतं. मुलगी जेवण कमी करते, मैत्रिणी तोडते, वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत बसते. ते कुणाला दिसत नाही. आणि ती एकदा उलट बोललीच, तर उपाय ठरलेला : उरकून टाका लग्न. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या जवळपास २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. गरिबी, हुंडा, उसाच्या फडावर जाणारी कुटुंबं अशी कारणं त्यामागे आहेतच. पण "पोरगी हाताबाहेर जाईल" ही भीतीही त्यात आहे. आम्ही शिक्षक ती जवळून बघतो. आठवीनंतर बाक रिकामा होतो.

बंडाचा रोख नेहमी घराकडेच असतो, असंही समजू नये. मंजुळे यांच्याच 'फॅन्ड्री'तला जब्या शेवटी दगड भिरकावतो तो बापावर नाही. आपल्या घराला हसणाऱ्या गावावर भिरकावतो. माझ्या वर्गातला मुलगा शिकवणीतल्या अपमानावर चिडला होता. ताट पडलं घरात, कारण बाहेर फेकायची त्याची हिंमत नव्हती.

"सगळा दोष आईबापांचाच"

इथवर वाचून कुणी आई रडवेली होणार असेल, तर तिच्यासाठी हे. एकाच घरात, एकाच ताटात जेवून मोठी झालेली दोन भावंडं दोन तऱ्हेची निघतात. जन्मतःचा स्वभाव असतो. संगत असते. शाळाही असते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००२ च्या 'दहावी फ' मध्ये आपल्या सोलापुरात वाढलेल्या अतुल कुलकर्णींनी शिक्षक केला आहे. 'ढ' ठरवून शेवटच्या तुकडीत टाकलेली पोरं तशीच का वागायला लागतात, हे त्यात नेमकं दिसतं. आम्हा शिक्षकांना तो सिनेमा आरशासारखा आहे. शिवाय मुलाच्या वागण्यानं आईबापही थकतात, माघार घेतात, आणि त्या माघारीनं मूल आणखी बिथरतं. हे दोन्ही बाजूंनी चालतं.

आणि कधी कधी ज्याला आपण उद्धटपणा म्हणतो, तो आजार असतो. किशोरवयात नैराश्य उदासीसारखं दिसेलच असं नाही. ते चिडचिड, भांडण, अभ्यासातून मन उडणं, झोप आणि भूक बिघडणं असंही दिसतं. दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, किंवा मूल मरणाची भाषा बोललं, तर "नाटकं करतो" म्हणून सोडू नये. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे. सरकारी रुग्णालयांत किशोरांसाठी 'मैत्री' नावानं सल्ला केंद्रं सुरू झाली आहेत. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येतं. मुलाला स्वतःला मदत हवी असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

त्या मुलाच्या आईला मी पुन्हा बोलावून घेतलं. आधी माझ्या त्या उत्तराची माफी मागितली, मग तीनदा सांगितल्याची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "मग मी करू काय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, शिकवणी बदला, आणि रोज थोडा वेळ त्याच्याजवळ बसा. विचारू नका, समजावू नका, नुसतं बसा.

पंधरा दिवसांनी बाजारात भेटली. चटणीसाठी शेंगा सोलायला घेतल्या होत्या तेव्हा तो आपणहून शेजारी येऊन बसला, म्हणाली. अर्धा तास बोलला.

"काय बोलला?"

"क्रिकेटचंच काहीतरी. मला काय कळतंय त्यातलं?" ती हसली. मग पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाली, "दोनशे विड्या कमी भरल्या, मॅडम, त्या दिवशी."